ऑक्सिजन प्रकल्प चालवणार कोण?

जिल्हा रुग्णालयांतील हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प देखभालीअभावी बंद असल्याची बातमी वाचून चिंता वाटली. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वडिलांसाठी सिलिंडर मिळावा म्हणून मी रात्रभर रांगेत उभा होतो; घरी त्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८२ वर आला होता. त्याच काळात नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्याला मोठा आधार मिळाला, कारण तिथे दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी, सप्टेंबर २०२० मध्येच, पहिला प्रकल्प उभा राहिला होता. पण यंत्र नुसते बसवून भागत नाही. फिल्टर बदलावे लागतात, ऑक्सिजनची शुद्धता तपासावी लागते, कॉम्प्रेसर अधूनमधून चालवावा लागतो. प्रत्येक प्रकल्पासाठी कायमस्वरूपी तंत्रज्ञ आणि देखभालीची स्वतंत्र तरतूद शासनाने तातडीने करावी.

– एक वाचक, सातारा