एन्वर पाशा थांबला असता तर

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या महायुद्धाबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं बरंचसं पटलं, पण "उस्मानी (तुर्की) साम्राज्य युद्धात ओढलं जाणारच होतं, तटस्थ राहणं त्याच्या हातात नव्हतं" हे मात्र काही केल्या पटत नाही. मला वाटतं, होतं. ऑक्टोबर १९१४ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत होतं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तू म्हणतोस, जर्मनीशी लष्करी मैत्रीचा गुप्त करार झाला तिथेच खेळ संपला. करार झाला २ ऑगस्टला, हे खरं. पण तो मोजक्या मंत्र्यांनाच ठाऊक होता. युद्धमंत्री एन्वर पाशा, गृहमंत्री तलात आणि वजीर, म्हणजे पंतप्रधान, सईद हलीम पाशा हे त्यातले मुख्य. अर्थमंत्री जावीद बे याला तो मागाहून कळला. आणि सही केल्यावर तुर्कांनी काय केलं? सैन्याची जमवाजमव सुरू केली आणि सशस्त्र तटस्थता जाहीर केली. पुढचे जवळजवळ तीन महिने जर्मन राजदूत रोज तगादा लावत होता, आणि हे रोज काहीतरी सबब सांगत होते. सैन्य तयार नाही, पैसा नाही, बल्गेरियाचं काय ते कळू द्या. बाल्कन युद्धात मार खाल्लेलं राज्य, तिजोरीत खडखडाट. सबबी खोट्या नव्हत्याच.

त्या तीन महिन्यांत तुर्कांच्या पदरात किती पडलं ते बघ. परकीयांना वर्षानुवर्षं मिळालेल्या सवलती, म्हणजे तुर्की न्यायालयांपासून आणि करांपासून सूट, त्यांनी सप्टेंबरात एकतर्फी रद्द केल्या. सगळ्या सत्तांनी निषेध नोंदवला, पण भांडण काढायला कुणीच पुढे आलं नाही, कारण तुर्कांना दुखवणं कुणालाच परवडत नव्हतं. ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया तर सांगत होते की तटस्थ राहा, तुमच्या मुलखाला हात लावणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही. मूठ उघडली त्या दिवशी किंमत गेली.

ब्रिटनचा तेव्हाचा आरमारमंत्री चर्चिल यानं अडकवलेल्या जहाजांचा मुद्दा तू मांडलास तो मात्र वजनदार आहे. ब्रिटनमध्ये तुर्कांच्या दोन युद्धनौका बांधून होत आल्या होत्या, त्यांसाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आणि ऐन वेळी ब्रिटननं त्या ताब्यात घेतल्या. तो संताप मी समजू शकतो. मग १० ऑगस्टला गोबेन आणि ब्रेस्लाऊ या जर्मन नौका पाठलाग चुकवत दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरल्या. त्या तुर्कांनी 'विकत घेतल्या' असं जाहीर झालं, नावं बदलली, जर्मन खलाशांच्या डोक्यावर लाल फेजच्या टोप्या चढल्या. पण जर्मन ॲडमिरल सूशोन होता तिथेच राहिला, उलट सगळ्या तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. माझ्या मते घोडं पेंड खातं ते इथे. करार कागदावर होता, तो टोलवता येत होता. राजधानीच्या दारात परक्या सेनापतीच्या हाती तोफा देणं, हे टोलवता येण्यापलीकडचं होतं.

ऑक्टोबरात जर्मनीहून वीस लाख लिरांचं सोनं आलं. एन्वरनं सूशोनला काळ्या समुद्रात जायची परवानगी दिली. २९ ऑक्टोबरला रशियाच्या ओडेसा आणि सेवास्तोपोल बंदरांवर तोफा डागल्या गेल्या. वजीर राजीनामा द्यायला निघाला, त्याला कसंबसं थोपवलं. जावीद बे आणि आणखी काही मंत्र्यांनी तर राजीनामे दिलेच. ज्या निर्णयावर त्याच सरकारचा अर्थमंत्री पद सोडतो, त्याला तू अटळ म्हणतोस?

आता तटस्थ राहिले असते तर काय, ते सांगतो. सगळं गोड झालं असतं असं मी म्हणणार नाही. अरब प्रांतांत असंतोष होताच, रशियाचा इस्तंबूलवरचा डोळा जुना होता. पण दार्दानेल्सच्या काठची गॅलिपोलीची लढाई झाली नसती. पुढे तुर्की प्रजासत्ताक उभं करणारा मुस्तफा केमाल त्या वेळी सोफियाच्या वकिलातीत लष्करी अधिकारी होता, तो कदाचित तिथेच राहिला असता. सामुद्रधुनी व्यापारी जहाजांना खुली राहिली असती, तर रशियाचं धान्य बाहेर गेलं असतं आणि दारूगोळा आत आला असता. त्यामुळे १९१७ ची क्रांती टळली असती असं म्हणायला मी धजत नाही, तिची कारणं खोलवर होती.

सगळ्यात जास्त मन अडकतं ते आर्मेनियनांपाशी. फेब्रुवारी १९१४ मध्येच त्यांच्या प्रांतांत सुधारणा करण्याचा करार झाला होता, देखरेखीला दोन परदेशी निरीक्षक नेमले होते. युद्ध आलं आणि ते सगळं गुंडाळलं गेलं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची, लेखकांची धरपकड झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलिपोलीवर फौजा उतरल्या. मग अख्खी गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. तुर्कस्तान तटस्थ असतं तर एन्वर-तलात सज्जन झाले नसते. पण परदेशी निरीक्षक आणि राजदूत डोळ्यांसमोर असताना, सरहद्दीवर लढाई नसताना, एवढ्या माणसांचा संहार त्यांना करता आला नसता, असं मला मनापासून वाटतं. तटस्थतेच्या बाजूनं माझ्याकडे दुसरा एकही मुद्दा नसता, तरी हा पुरला असता.

आपल्या इतिहासावरही याचं सावट आहे. तुर्कस्तान हरलंच नसतं तर साम्राज्याचे तुकडे पाडणारा सेव्हरचा तह नाही, आणि खिलाफतीचं आंदोलनही नाही. १९२० ची असहकाराची चळवळ मग कोणत्या वाटेनं गेली असती, याचा विचार करू लागलो की डोकं चालेनासं होतं.

आणि ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या आपल्या पलटणी. सहावी डिव्हिजन, पूना डिव्हिजन. तिची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली ती १६ ऑक्टोबरला, म्हणजे तुर्कांशी युद्ध सुरू व्हायच्याही आधी, आणि बहारीनपाशी जहाजांत थांबून राहिली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला आजच्या इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरले, २२ ला बसरा घेतलं. शेजारच्या इराणमधल्या अबादानच्या तेलासाठी सुरू झालेली मोहीम बगदादच्या हव्यासात बदलली, बगदादजवळ टेसिफोनला अडली आणि माघारीत कुत या गावी कोंडली गेली. वेढ्याच्या शेवटी घोड्याचं मांस तेवढं उरलं. गोरे सैनिक खात होते, आपले बरेचसे धर्माला भिऊन खात नव्हते. गावाकडून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी पुष्कळांनी तोंड लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३,००० माणसं कैदेत. त्यातल्या कितीकांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं, जिथे त्याआधी हाकललेल्या आर्मेनियनांच्या छावण्या पडल्या होत्या.

तू विचारशील, तुर्क तटस्थ असते तर ही माणसं घरी राहिली असती का? नसती. सरकारनं त्यांना फ्रान्सला धाडलं असतं, नाही तर पूर्व आफ्रिकेला. आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धास गेले' असे दगडी फलक आहेत, ते तसेच लागले असते. साम्राज्याच्या चाकरीत असलेल्या माणसाला तटस्थ राहता येत नाही, हे तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं मला मान्य आहे. पण तो मुद्दा आपला झाला, तुर्कांचा नव्हे. त्यांना निवड होती. दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तानचा राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनू यानं ती करून दाखवली. पहिलं युद्ध स्वतः लढलेला माणूस. दोन्ही बाजूंशी बोलत राहिला, क्रोमचं खनिज विकत राहिला, आणि युद्ध जाहीर केलं ते थेट फेब्रुवारी १९४५ मध्ये. तेव्हा तुर्कस्तानवर दडपण कमी होतं असं म्हणू नकोस, हिटलरची फौज सरहद्दीशेजारी बल्गेरिया-ग्रीसपर्यंत आली होती.

तुझ्या पणजोबांचं पेन्शनचं पुस्तक काकूंच्या ट्रंकेत आहे असं तू मागे म्हणाला होतास. एकदा काढून पलटणीचा नंबर बघ. १०३, ११० किंवा ११७ असेल, तर ते कुतच्या वेढ्यात असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर पहिल्या पानाचा फोटो लगेच पाठव, आणि घरात त्यांच्याबद्दल जे काही बोललं जायचं ते काकूंना विचारून सविस्तर लिही.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघतो.

तुझा,
पुण्याचा मित्र