ब्रेक्झिटच्या हिशेबात माझा पगार कुठल्या रकान्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ब्रेक्झिटवरचा लेख इथे लेस्टरमध्ये आम्ही चार-पाच मराठी घरांनी वाचला आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटननं युरोपीय संघ सोडला म्हणून भारताशी मुक्त व्यापार करार करता आला, कस्टम्सच्या कामात हजारो नव्या नोकऱ्या निघाल्या, आणि भारतानं आरसेपला, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या सामाईक व्यापार कराराला, दिलेला नकार हाही त्याच जातीचा धाडसी निर्णय होता. यातल्या नोकऱ्यांच्या मुद्द्यावर मला गप्प बसवत नाही, कारण त्यातली एक नोकरी माझी आहे.

मी इथे एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीनं कस्टम्सचे कागद भरणाऱ्याच्या, ऑफिसात काम करते. 2020 पर्यंत आमचं काम म्हणजे भारत, चीन, बांगलादेशातून येणाऱ्या कंटेनरांचे कागद. युरोपला जाणाऱ्या मालाची फाइल आमच्या टेबलावर येतच नसे. लेस्टरहून पॅरिसला माल पाठवायचा म्हणजे बिल फाडायचं आणि ट्रकमध्ये चढवायचा, मधे कुणी विचारणारं नाही. 31 डिसेंबर 2020 च्या रात्री ही सोय संपली. तेव्हा ऑफिसात आम्ही चौघं होतो, आज अकरा आहोत. माझा पगार वाढला, मला बढती मिळाली. सरकारनंही तेव्हा सांगितलं होतं की देशाला कस्टम्सची पन्नास हजार माणसं लागतील.

आता या अकरा जणांचा दिवस कशात जातो ते सांगते. जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आठ आकडी कोड शोधायचा. सुती की मिश्र धाग्याचं, मागावर विणलेलं की निटेड, बाईचं की पुरुषाचं, यावर कोड बदलतो आणि कोड चुकला की माल अडतो. मग वजन, किंमत, दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचे कस्टम्स नंबर, इथलं निर्यातीचं घोषणापत्र, तिकडचं आयातीचं घोषणापत्र. एवढं करूनही माल कुठे तयार झाला हा प्रश्न उरतोच, आणि खरी मेख तिथेच आहे. 2020 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी युरोपीय संघाशी ठरलेल्या करारात जकात शून्य आहे हे खरं, लेखकांनीही ते लिहिलं आहे. पण ते शून्य ब्रिटनमध्ये किंवा युरोपात तयार झालेल्या मालासाठी आहे. इथून फक्त पुढे गेलेल्या मालाला ते लागू नाही.

इथल्या बेलग्रेव्ह रोडवरचे आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, गुजराती कुटुंब, तीन पिढ्यांचा कपड्यांचा धंदा. अहमदाबाद आणि मुंबईहून कुर्ते, चणिया-चोळी मागवायचे, इथल्या गोदामात नगावारी तपासायचे, इस्त्री करून नवं लेबल लावायचे आणि अँटवर्प, पॅरिस, लिस्बनच्या दुकानांना पाठवायचे. तेव्हा एकदा इथल्या फेलिक्स्टो बंदरात जकात भरली की माल युरोपभर मोकळा. जानेवारी 2021 मध्ये त्यांचे पहिले चाळीस खोके निघाले. काका स्वतः ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले होते. मी विचारलं, माल शिवला कुठे? ते म्हणाले, बेन, तुला माहीत नाही का कुठे शिवला ते? मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला ‘ब्रिटिश माल’ असं लिहिता येत नव्हतं. इस्त्री आणि लेबलानं कुर्ता ब्रिटिश होत नाही. त्यावर एक जकात इथे भरून झाली होती, दुसरी बेल्जियमला भरावी लागली.

जकात दोनदा पडू नये म्हणून सीलबंद गोदामात माल ठेवायची सोय कायद्यात आहे. पण त्यासाठी परवानगी, हमी, वेगळी नोंदवही आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. चाळीस खोक्यांच्या धंद्याला ते झेपत नाही. वर्षभर त्यांनी रेटून पाहिलं. आता युरोपचा माल न्हावाशेव्याहून थेट अँटवर्पला उतरतो. इस्त्री, लेबल, तपासणी सगळं तिकडेच. इथल्या गोदामात या कामावर असलेल्या तीन बायका घरी बसल्या. त्यातल्या एकीची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे.

या तीन नोकऱ्या त्या लेखात कुठेच नव्हत्या. माझी होती.

ब्रिटनच्या कर खात्यानं 2019 मध्येच अंदाज काढून ठेवला होता: वर्षाला सुमारे 21.5 कोटी जादा घोषणापत्रं आणि त्यापायी इथल्या धंद्यांवर साडेसात अब्ज पौंडांचा बोजा. संपादक महाशय, त्या साडेसात अब्जांतलेच थोडे पैसे महिन्याच्या शेवटी माझ्या खात्यात येतात. मी कष्टाचं खाते आणि काम चोख करते. पण मी दिवसभर भरलेल्या कागदांतून एकही कुर्ता शिवला जात नाही, एक किलो चीज तयार होत नाही. काल जे काम फुकट होत होतं त्याचेच आज पैसे पडतात, आणि त्याला फायदा म्हणणं मला पटत नाही.

हा बोजा सगळ्यांवर सारखा पडला असता तरी एक गोष्ट होती. मोठ्या कंपन्यांनी नेदरलँड्समध्ये नाहीतर आयर्लंडमध्ये ऑफिस थाटलं, वकील नेमले, मोकळ्या झाल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी 2024 च्या डिसेंबरात जो हिशेब मांडला त्यात हेच दिसतं: सुमारे 16,400 ब्रिटिश कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच बंद केलं, आणि मार बसला तो मुख्यतः लहानांना. चीज, मटण असलं काही पाठवायचं तर सरकारमान्य पशुवैद्याची सही-शिक्का असलेला दाखला लागतो. ट्रकभर चीज असो की दोन पेट्या, दाखला लागतोच. दोन पेट्यांवाल्यानं तो खर्च कशावर चढवायचा?

आता माझी बाजू उघड करते, नाहीतर हे पत्र प्रामाणिक होणार नाही. 23 जून 2016 ला मी बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. माझा पासपोर्ट भारताचा होता, पण राष्ट्रकुल देशांच्या इथल्या रहिवाशांना त्या सार्वमतात मत होतं. शेजारच्या टेबलावरची माझी पोलिश सहकारी बारा वर्षं इथे कर भरत होती, तिला मत नव्हतं. तिच्या भवितव्यावर मी शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारी बसून डबा खाल्ला. ती काही बोलली नाही. 2019 मध्ये ती पोझनानला परत गेली.

मी तसं मत का दिलं? आपल्याकडचा शिकलेला इंजिनिअर व्हिसासाठी वर्षानुवर्षं खेटे घालतो आणि युरोपातला कुणीही उद्या सकाळी बॅग घेऊन येतो, हे मला अन्यायाचं वाटत होतं. आजही वाटतं. 2021 पासून व्हिसासाठी सगळ्यांना एकच गुणांची पद्धत लागली आणि पुढच्या वर्षांत शिक्षणाच्या आणि कामाच्या व्हिसात भारतीय सर्वांत पुढे गेले. माझ्या भाच्यानं इथे एमएस्सी करून दोन वर्षं नोकरी केली ती याच बदलामुळे. लेखकांनी हा मुद्दा मांडायला हवा होता. ब्रेक्झिटचा खराखुरा लाभ मला यातच दिसतो. सल्लागार, हिशेबनीस, सॉफ्टवेअरवाले यांचा परदेशी धंदाही चांगला चालला आहे, ज्यांच्या मालाला ट्रक लागत नाही त्यांचा.

भारताशी झालेल्या कराराबद्दलही माझी तक्रार नाही. 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो. युरोपीय संघात राहून ब्रिटनला तो एकट्यानं करता आला नसता, हे लेखकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. भारतीय कपड्यांवरची ब्रिटनची जकात त्यात शून्यावर येते, आमच्या बेलग्रेव्ह रोडच्या काकांना त्याचा आनंदच आहे. पण माप काढायचं तर दोन्ही पारड्यांचं काढावं. या करारानं देशाचं उत्पन्न दीर्घ काळात 4.8 अब्ज पौंडांनी, म्हणजे 0.13 टक्क्यांनी वाढेल, असा खुद्द ब्रिटिश सरकारचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियाच्या कराराचा अंदाज 0.08 टक्के होता. आणि अर्थसंकल्पावर नजर ठेवणारी इथली स्वतंत्र संस्था, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणते की युरोपात राहिलो असतो त्या मानानं देशाची उत्पादकता दीर्घ काळात 4 टक्क्यांनी कमी राहील. मधे कोविड आला, युक्रेनचं युद्ध आलं, त्यामुळे कुठलं नुकसान कशाचं हे वेगळं काढणं अवघड आहे आणि या 4 टक्क्यांवर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. तो आकडा निम्मा धरला तरी ऑस्ट्रेलिया आणि भारत मिळून भरून निघत नाही. ब्रिटनची जवळपास चाळीस टक्के निर्यात अजूनही खाडीपलीकडच्या त्याच शेजाऱ्यांकडे जाते.

राहिला आरसेप. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारतानं नकार दिला तेव्हा न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती कोल्हापूर-सांगलीच्या गोठ्यांपर्यंत होती. माझ्या माहेरी आठ म्हशी आहेत, ती भीती मला परकी नाही. पण भारत आरसेपच्या घरात कधी राहायलाच गेला नव्हता. शिवाय आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट), जपान, दक्षिण कोरिया यांच्याशी त्याचे वेगळे करार आधीपासून होते. ब्रिटन 1973 पासून 47 वर्षं युरोपच्या घरात राहिलं. गोदामं, कारखाने, ट्रकचे मार्ग, बेलग्रेव्ह रोडची इस्त्री, सगळं त्या घराच्या मापानं बेतलेलं होतं. न शिवलेलं कापड परत करणं आणि अंगावर बेतलेलं उसवणं यांचा खर्च सारखा कसा असेल?

लेखकांनी या विषयावर पुढचा भाग लिहिण्याचं जाहीर केलं आहे. त्यात कस्टम्समधल्या नव्या नोकऱ्यांच्या आकड्याशेजारी त्या 16,400 कंपन्यांचाही आकडा छापावा, एवढी माझी विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
लेस्टर, इंग्लंड