मांजरसुंब्याच्या त्या मेकॅनिक दादांचे आभार

तुळजापूरहून संभाजीनगरला परतताना मांजरसुंब्याजवळ आमची एसयूव्ही मागच्या उजव्या बाजूने पार बसली. या गाडीला मागे स्प्रिंगऐवजी कॉम्प्रेसरने हवा भरलेल्या रबरी पिशव्या, म्हणजे सस्पेन्शनच्या एअर बॅग, आहेत. चाक मडगार्डला टेकायच्या बेतात, डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा लाल दिवा. सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगून टाकलं, 'कॉम्प्रेसर आणि दोन्ही एअर बॅग बदलाव्या लागतील, गाडी टो करून आणा.' सोबत गुडघे दुखणारी आई.

शेजारी ट्रकचे एअर ब्रेक दुरुस्त करणारं एक गॅरेज होतं. तिथले दादा वाकून बघत म्हणाले, "एकच बाजू बसली ना? मग कॉम्प्रेसरला कशाला नावं ठेवता? हवा कुठं जाते ते बघू आधी."

आधी त्यांनी मेनूतून सस्पेन्शन बंद करायला लावलं. मगच जॅक, आणि चॅसीखाली लाकडी ठोकळे. बॅगवर, पाइपवर साबणाचं पाणी मारलं. बॅग कोरडी ठाक. बुडबुडे आले ते पाइपच्या जोडापाशी. चिरलेलं टोक ब्लेडने सरळ कापून त्यांनी पुन्हा घट्ट बसवलं. गळतीमुळे सतत चालून कॉम्प्रेसर तापला होता, म्हणून तो निवेपर्यंत गाडी सुरू करू दिली नाही.

तेवढ्या वेळात आईसाठी घरातून खुर्ची आली, चहा आला. "मावशी, पाय वर घ्या," म्हणत त्यांनी पायाखाली टायर सरकवला! पुढे घाट उतरेपर्यंत मोटारसायकलवर मागे राहून गाडीची उंची बघत आले.

दादा, पैसे तुम्ही घेतलेच नाहीत. आईने दिलेला तुळजापूरचा प्रसाद तेवढा घेतलात. आम्हा दोघांकडून मनापासून आभार.