६१ मीटर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पाडव्याला फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, मला ऑफिसला पळायचं होतं आणि बाबा तुम्ही दोनदा विचारलंत की चिऊला हवी ती शाळा मिळाली नाही, मार्क कमी पडले का. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला, पण तेव्हापासून मनात तेच चाललंय म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. मार्क कमी पडले नाहीत बाबा, इथे या शाळांना मार्क बघायचेच नसतात. अंतर कमी पडलं. म्हणजे खरं तर जास्त पडलं.

तुम्हाला आधी पद्धत सांगते, तुम्ही इतकी वर्षं शाळेत ॲडमिशनचं टेबल सांभाळलंय तर तुम्हाला लगेच कळेल. इथे इंग्लंडमध्ये सातवीपासून सेकंडरी शाळा सुरू होते. फॉर्म शाळेत नाही भरायचा, आपण जिथे राहतो तिथल्या काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं, तिकडे भरायचा, ३१ ऑक्टोबरच्या आत. लंडनमध्ये ६ शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात, ताईच्या मुलीला अकरावीला १० कॉलेजं टाकता आली होती ना तसंच, फक्त तिथे कटऑफ मार्कांचा असतो आणि इथे नसतो. निकाल १ मार्चला असतो, यंदा रविवार आला म्हणून २ तारखेला सोमवारी संध्याकाळी ईमेल आला.

आम्ही पहिली टाकलेली शाळा तुम्हाला फोटोत दाखवली होती, ती लाल विटांची. तिथे सातवीच्या जागा १८० आणि मागणारे कितीतरी जास्त. मग कुणाला द्यायची याचा क्रम शाळेनं आधीच ठरवून जाहीर केलेला असतो, आणि त्या क्रमाबाहेर जाऊन हेडमास्तरांना सुद्धा एक मूल घेता येत नाही. सगळ्यात आधी अशी मुलं ज्यांच्या विशेष गरजांच्या सरकारी प्लॅनमध्ये त्या शाळेचं नाव लिहिलेलं आहे, त्यांना घ्यावंच लागतं. मग ज्यांना आईवडील सांभाळू शकले नाहीत, काउन्सिलनं सांभाळली किंवा तिथून पुढे दत्तक गेली अशी मुलं. हे दोन सगळ्या देशात कायद्यानं पहिले. मला हे वाचून खरंच भरून आलं बाबा, की ज्याच्यामागे बोलायला कुणी नाही त्याला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलंय. त्यानंतर या शाळेत गंभीर मेडिकल कारणं, मग आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं, आणि भावंडांतच खूप जागा जातात. जे उरतं ते घराच्या अंतराप्रमाणे. आणि अंतर म्हणजे चालत जायचा रस्ता नाही हं, काही शाळा तसंही मोजतात पण आमच्याकडे कॉम्प्युटरवर नकाशात घरापासून शाळेपर्यंत सरळ रेघ, मैलात, दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत. यंदा शेवटचं मूल ०.८७४ मैलावरचं घेतलं, आमचं घर ०.९१२ वर. ह्यांनी हिशोब केला तर ६१ मीटर निघाले. आपल्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत तरी असतील का तेवढे.

आता जे फोनवर सांगितलं नव्हतं ते सांगते. आमचं जुनं घर, जिथे तुम्ही येऊन राहिलात, ते ०.८ च्या आत होतं. ऑगस्टमध्ये घरमालकानं ते विकायला काढलं आणि आम्हाला सोडावं लागलं, त्याच भागात परवडेल असं दुसरं मिळेना कारण या शाळेच्या जवळ भाडी सगळीच चढलेली, लोक मूल पाचवीत असतानाच तिथे घरं घेतात. मग आम्ही दोन रस्ते पलीकडे आलो. ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरताना ओळखीतल्या एकांनी सांगितलं की अगं जुनाच पत्ता राहू दे, तुझं बँकेचं पत्र अजून तिकडेच येतंय ना, कोण बघतंय. मी एक रात्र झोपले नाही. पत्ता काउन्सिल टॅक्सवरून तपासतात आणि खोटा निघाला तर दिलेली जागा काढून घेऊ शकतात, ते भय होतंच, पण बाबा मला तुमची ती जूनमधली यादी आठवत होती, नोटीस बोर्डावर तुम्ही स्वतः खळ लावून चिकटवायचात आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजून यादीपुढे नेऊन उभं करायचात. मी नवा पत्ता लिहिला. तिला पाच वर्षं सांभाळलेल्या मैत्रिणींपैकी दोघी त्या शाळेत जाणार आणि ही नाही, हे २ मार्चच्या रात्री तिला सांगताना मला स्वतःचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा वेळ आली तर तोच पत्ता लिहीन.

ताई म्हणत होती की एकच शाळा टाकायची होती म्हणजे त्यांना द्यावीच लागली असती. हे इथल्या आपल्या लोकांमध्येही खूप जण सांगतात आणि ते साफ चूक आहे, ताईला नीट समजावा. तुम्ही शाळेला पहिली लिहिलंय की चौथी हे शाळेला कळतच नाही. प्रत्येक शाळा आपापल्या नियमाने सगळ्यांची क्रमवारी लावते, मग काउन्सिलच्या सिस्टीममध्ये मूल ज्या ज्या शाळांत बसतंय त्यातली त्याची सगळ्यात वरची पसंती त्याला देतात आणि बाकीच्या जागा सोडून देतात, त्या पुढच्याला. पूर्वी काही शाळा पहिली पसंती लिहिणाऱ्यांनाच आधी घ्यायच्या, ते २००७ च्या नियमावलीत बंद केलं. त्यामुळे खरी आवड तशी लिहायची, त्यात काही बिघडत नाही, आणि एकच लिहिली आणि नाही मिळाली तर मग कुठेतरी लांब जिथे जागा शिल्लक असेल तिथे पाठवतात. आम्ही सहाच्या सहा भरल्या म्हणून तिसरी तरी मिळाली. डोनेशनचं पण सांगते, सरकारी शाळेला प्रवेशासाठी पैसे मागायला बंदी, मुलाचा किंवा आईबापाचा इंटरव्ह्यू घ्यायला बंदी, बाप काय नोकरी करतो हे विचारायला सुद्धा बंदी.

तरी सगळं न्याय्य आहे असं मला वाटत नाही. अंतर हा नियम दिसायला सरळ आहे पण शाळेजवळ ज्याला घर परवडतं त्याच्याच बाजूनं तो झुकतो, पैसे शाळेत नाही भरले तरी घरमालकाला भरलेच की. ब्रायटन म्हणून समुद्रकाठचं शहर आहे, तिथे २००८ पासून ठरलेल्या भागातल्या मुलांपेक्षा जागा कमी पडल्या तर कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या काढतात, आपल्याकडच्या आरटीईच्या २५ टक्क्यांच्या सोडतीसारखं. त्यावर तिथे पालक खूप चिडले होते, नशिबावर सोडलं म्हणून. मला विचाराल तर मी चिठ्ठी पत्करली असती, चिठ्ठीला घरमालक नसतो.

आता पुढचं. वेटिंग लिस्टवर नाव आहे, पण ती रेल्वेसारखी नाही, आधी आला तो आधी असं नसतं, तिथेही तोच क्रम. आम्ही नवव्या नंबरवर होतो, गेल्या आठवड्यात अकरावर गेलो, म्हणजे आमच्यापेक्षा शाळेच्या जवळचं कुणीतरी यादीत आलं. निदान ३१ डिसेंबरपर्यंत ती यादी ठेवावी लागते. अपीलही करता येतं, शाळेशी आणि काउन्सिलशी संबंध नसलेली तीन माणसं ऐकतात, आधी शाळा सांगते आणखी एक मूल घेतलं तर काय अडचण होईल, मग आपण सांगायचं याच मुलीला हीच शाळा का हवी, आणि ते देतील तो निर्णय शाळेला बंधनकारक. ह्यांना करायचंय. मला वाटतं ६१ मीटर हे त्यांच्यापुढे कारण होत नाही, आणि मैत्रिणी हेही फारसं चालत नाही, खरं काही वेगळं कारण असेल तरच. अजून आमचं ठरलं नाही, तुमचं मत कळवा, तुम्ही असं कधी पालकांच्या बाजूने कुणासाठी लिहून दिलं होतं का?

मिळालेल्या शाळेची जागा मी स्वीकारलीय, त्याने वेटिंग लिस्टवरचं नाव जात नाही. बसने २५ मिनिटं लागतात. परवा तिला घेऊन बसमधून जाऊन आले, शाळा बंद होती, गेटमधून मैदान दिसलं, मोठं आहे, चिऊ काही बोलली नाही पण उतरताना बसचा नंबर पाठ करत होती.

आई, रविवारी फोन करशील तेव्हा तिला वेटिंगचा नंबर विचारू नकोस, सगळेच तेच विचारतात. तू पाचवीत पहिल्यांदा एसटीने तालुक्याच्या शाळेत गेलीस ते सांग ना तिला, डब्याचं वगैरे सगळं. तिने मला दोनदा विचारलं आणि मला नीट आठवेना.

बाबांनी गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यावं.

तुमची,
मनू