छापणाऱ्यांनाही विचार

प्रिय मनू,

तुझं पोस्टडॉकचं प्रपोजल काल वाचून संपवलं, फार आवडलं गं. खेड्यापाड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवायचा तो ‘साइट’ नावाचा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 ला सुरू झाला, म्हणजे आणीबाणी लागून जेमतेम सव्वा महिना, एकीकडे नासाचा एटीएस-6 उपग्रह आणि सहा राज्यांतली 2400 गावं, दुसरीकडे पेपरांवर सेन्सॉर, हे दोन्ही एकत्र बघायचं तुला सुचलं याचं मला खरंच कौतुक वाटतं. आपला महाराष्ट्र त्या सहात नव्हता, त्यामुळे आम्हाला पुण्यात काही पत्ताच नाही.

पण एक सांगू का? तुझ्या प्रपोजलमध्ये साराभाई आहेत, इंदिराबाई आहेत, नासाबरोबरचा करार आहे, पण खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ती दहा फुटी छत्री गावात उभी कोणी केली, बिघडली की कोण यायचं, संध्याकाळी सेट कोण लावायचं, ती माणसं कुठेच नाहीत.

मी जुळारी होतो ना, छापखान्यात खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवणारा, म्हणून माझी नजर तिकडेच जाते. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्ष झालं हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल, पण त्याच खटल्यात छापखान्याचे केशव महादेव बाळ पण आरोपी होते, ते निर्दोष सुटले, त्यांचं नाव कोणाला माहितीये? 1867 च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण टाकावंच लागायचं, म्हणजे लिहिणारा नाही सापडला तर छापणारा तरी हातात येतो.

आणीबाणीत आमच्या पेठेतल्या छापखान्यात रात्री पत्रकं निघायची, त्यावर ती ओळ नसायची. मजकूर आला की चर्चा नाही, खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सवयीनं वाचता यायची, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, लागतील तेवढ्या प्रती काढायच्या आणि उजाडायच्या आत रॉकेलनं शाई पुसून एकेक खिळा परत केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी ट्रेच्या, आपापल्या खणात सोडायचा. सकाळी त्याच खिळ्यांतून कोणाची तरी लग्नपत्रिका. मग हे तुला कुठल्या अर्काइव्हमध्ये सापडणार, सांग बरं?

माझ्याबरोबरचे दोघं अजून आहेत, एक धायरीला मुलाकडे असतो, दुसऱ्याला ऐकू कमी येतं पण बोलायला लागला की थांबत नाही. दिवाळीत आलीस की आधी त्यांना गाठ, केसरीवाड्यातल्या लायब्ररीत नंतर जा, फायली कुठे पळून जात नाहीत. दोन वर्षांचंच कॉन्ट्रॅक्ट म्हणून आईला काळजी वाटते, मला नाही वाटत, तू काम नीट कर.

मी दोघांशी बोलून ठेवतो. फक्त नावं छापायची का नाही ते त्यांना विचारूनच ठरव, धायरीवाल्याच्या घरी यातलं अजून कोणालाच माहीत नाहीये.

तुझा,
बाबा