भुताच्या सिनेमातला अंधार पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगाखेडला आणि पुढे परभणीला मिळून मी सत्तावीस वर्षं थिएटरचं मशीन चालवलं. त्याआधी दोन हंगाम माळेगावच्या यात्रेत तंबूच्या टॉकीजवर रिळं गुंडाळायला होतो. सिनेमावर पेपरात लिहिण्याचा माझा वकूब नाही, पण दिवाळीत घरी जे पाहिलं ते आतल्या आत ठेवणं जमेना.

नातवानं एका जुन्या हिंदी भुताच्या सिनेमाची डिस्क आणली. ऐंशीच्या दशकातला सिनेमा. वर लिहिलेलं, 'नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती'. हाच सिनेमा मी चार आठवडे चालवलेला, त्यामुळे मोठ्या हौसेनं दिवे मालवून बसलो. त्यात वाड्याच्या चौकातला एक प्रसंग आहे. मुलगी कंदील घेऊन आडाकडे जाते. आमच्या पडद्यावर तिच्यामागं नुसता काळोख असायचा. त्यात आधी दोन डोळे चमकायचे, मग कठड्यावर एक हात यायचा, आणि बाल्कनीपासून पुढच्या बाकड्यांपर्यंत सगळं थिएटर एकदम श्वास रोखायचं. डिस्कवर ती रात्र राखाडी निळी झाली आहे. तो माणूस पहिल्यापासून मागं उभा दिसतो. मनगटाशी रबरी पंजा संपतो, तिथून शर्टाची बाही सुरू होते आणि बाहीचं बटणही दिसतं. नातू म्हणाला, "आबा, ह्याला घाबरायचे का हो लोक?"

मला फार वाईट वाटलं. लोक भोळे होते म्हणून घाबरायचे असं नाही. त्या सिनेमावाल्यांना काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे बरोबर कळत होतं. पैसा नसलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं भांडवल अंधार. भुताचे हिंदी सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचंच बघा. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, बाकीचे भाऊ लेखन, आवाज, एडिटिंग वाटून घेतलेले. घरच्या घरी सिनेमा व्हायचा. 'पुराना मंदिर' 1984 साली आला तेव्हा आमच्याकडं खुर्च्या कमी पडल्या होत्या. धूर, निळा-लाल दिवा आणि भोवती काळोख, एवढ्यावर त्यांनी गावंच्या गावं जागवली. तो काळोख उजळला की मेकअपचा चिकटवलेला सांधा तेवढा उरतो.

कित्येक कमी पैशांच्या सिनेमांत रात्र भर दिवसा काढलेली असते. उन्हात शूटिंग करायचं, फिल्टर लावायचा, पुढं लॅबमध्ये प्रिंट गडद करायची. हे माहीत नसलेला माणूस कॉम्प्युटरवर बसला की त्याला वाटतं चित्र खराब झालंय, आणि तो उजेड वाढवतो. 1922 च्या जर्मन 'नोस्फेराटू'त रात्रीचे प्रसंग निळ्या रंगात बुडवलेले होते. पुढं साध्या काळ्या-पांढऱ्या प्रती फिरत राहिल्या, आणि उन्हाला भिणारा तो पिशाच्च सरदार भर उन्हात हिंडताना दिसू लागला. नंतरच्या जीर्णोद्धारात तो निळा रंग परत आणला. दुरुस्ती म्हणतात ती याला.

माझा दुरुस्तीला विरोध नाही. पडद्यावर जो 'पाऊस' पडायचा, त्या उभ्या रेघा आमच्या मशीनच्या आहेत. आमच्यापर्यंत प्रिंट यायची ती आधी दहा गावं फिरून. तुटली की आम्ही दोन-चार फ्रेमा कापून फिल्म सिमेंटनं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावणानं, जोडायचो. ते सगळं खुशाल पुसा. पण फिल्मचा रवा, म्हणजे चित्रात दिसणारे बारीक ठिपके, हा मळ नव्हे, चित्र त्याच रव्याचं बनलेलं असतं. 1974 चा 'टेक्सास चेनसॉ मॅसेकर' आणि 1981 चा 'एव्हिल डेड' हे दोन्ही 16 मिलिमीटरच्या लहान फिल्मवर काढून थिएटरच्या 35 मिलिमीटरवर मोठे केलेले, त्यामुळे त्यांचा रवा जाडच. तो सरसकट पुसला तर चेहऱ्यावरचा घाम आणि सुरकुत्याही जातात, माणसं मेणाची दिसतात. आमच्या डिस्कवर म्हाताऱ्या पुजाऱ्याचा चेहरा तसाच झालाय.

चौकटीचंही तेच. टीव्हीचा रुंद पडदा भरावा म्हणून वरून-खालून चित्र कापलंय, म्हणून जमिनीतून वर येणारा हात अर्धाच दिसतो. मशीनमध्ये चौकोनी भोकाची प्लेट लावून आम्हीही चित्राचा थोडा भाग झाकायचो, पण कुणाचं डोकं जातंय असं दिसलं की लगेच फ्रेमचा नॉब फिरवून सावरायचो. मशीनपाशी माणूस उभा असायचा.

एकाच सिनेमाचं काय काय होऊ शकतं बघा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा 1968 चा, लाख-सव्वा लाख डॉलरांत झालेला काळा-पांढरा सिनेमा. त्याला पुढं रंग फासले. 1999 साली नवे प्रसंग शूट करून आत घुसवले, संगीतही बदललं. आणि त्याच सिनेमाच्या मूळ निगेटिव्हवरून, म्हणजे जिच्यावरून प्रिंटा निघतात त्या फिल्मवरून, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आणि जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म फाउंडेशन या संस्थेनं जीर्णोद्धार केला, तो 2016 मध्ये लोकांपुढे आला. रंग नाही, भर नाही, चौकट जुनीच. निगेटिव्ह जपलेली होती म्हणून मागं फिरता आलं. आपल्याकडच्या लहान सिनेमांच्या निगेटिव्ह किती ठिकाणी कुजून गेल्या! उद्या ही बदललेली डिस्कच मूळ म्हणून उरेल.

आपल्या मराठवाड्यानं हे एकदा भोगलंय. 1920 साली निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पापुद्रे बसवले, पण वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला. तो पुढं पिवळा पडला, आणि पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. त्यांचा हेतू चांगलाच होता.

कंपनीचं नाव मी घेत नाही, हा एकाच कंपनीचा प्रश्न नाही. डिस्क काढणाऱ्यांना एवढंच मागणं आहे: काय बदललं ते वेष्टनावर मराठी-हिंदीत स्पष्ट लिहा, आणि उजेड, चौकट, आवाज बदलणार असाल तर मूळ सिनेमाही त्याच डिस्कवर द्या. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. तिथं एखाद्या वर्षी असा एक सिनेमा जुन्या प्रिंटवरून, रेघांसकट, दाखवावा. मशीनवर उभं राहायला मी येईन.

त्या आडाच्या प्रसंगातच आमची प्रिंट एकदा तुटली होती. कापलेल्या पाच फ्रेमा माझ्याकडं पानाच्या डब्यात आहेत. रंग उडून त्या लालसर झाल्यात, त्यामुळे रंगाच्या कामाच्या नाहीत. पण खिडकीशी धरल्या की कंदील दिसतो, मुलीचा अर्धा चेहरा दिसतो, आणि तिच्यामागं काही म्हणजे काही दिसत नाही. कुणाला ताडून बघायच्या असतील तर त्यांनी जरूर न्याव्यात, फक्त परत आणून द्याव्यात.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
गंगाखेड, जि. परभणी