पुसट झालेला ईसीजी

महोदय,

वडिलांच्या छातीत दुखू लागल्याने त्यांना दुसऱ्या रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी सर्वप्रथम जुना ईसीजी मागितला, कारण आलेखातील बदल आजचा की पूर्वीचाच, हे तुलनेशिवाय सहसा ठरत नाही. आमच्याजवळ होता तो थर्मल कागद, त्यावरील रेघा जवळजवळ उडालेल्या. पहिल्या रुग्णालयाच्या संगणकात आलेख शाबूत होता; पण तिथून मिळाली ती छापील कागदाची अस्पष्ट पीडीएफ, जिच्यावरून लहरींचे नेमके मोजमाप करणे अशक्यच.

वास्तविक वैद्यकीय प्रतिमा साठवण्या-पाठवण्याच्या ‘डायकॉम’ या मानकात प्रतिमांप्रमाणेच ईसीजीच्या लहरीही साठवण्याची सोय आहे, आणि आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीची मानके ठरवणाऱ्या ‘एचएल-सेव्हन’ संस्थेच्या ‘फायर’ मानकामुळे अहवाल एका प्रणालीतून दुसरीत पाठवता येतात. अर्थात नुसते पाठवून भागत नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला त्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) कोणी ‘५५ टक्के’ लिहितो, कोणी नुसते ‘ठीक’. त्यासाठी ‘लॉइंक’ या वैद्यकीय चाचण्या व मोजमापांच्या संकेतांक-यादीने १०२३०-१ हा संकेतांक दिला आहे, तो वापरून आकडा नोंदवला तरच पुढचा संगणक त्याची मागच्या आकड्याशी तुलना करू शकेल.

यंत्रे खरेदी करतानाच रुग्णालयांनी मूळ विदा (डेटा) मानक स्वरूपात देण्याची अट विक्रेत्यांना घालावी आणि रुग्णाने मागितल्यास तीच विदा त्याला द्यावी, ही विनंती.

— एक वाचक